हवाई दलाची उतरंड कशी वाचावी: ग्वाल्हेरच्या नवख्यांसाठी

ग्वाल्हेरला नव्यानं राहायला आलं की पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट कळते. सकाळी चहा गाळत असताना भिंड रोडच्या बाजूनं गडगडाट येतो, मांडणीवरचे डबे थरथरतात, आणि आवाजाच्या दिशेनं वर बघावं तर तिथं काहीच नसतं. विमान केव्हाच किल्ल्याच्या पलीकडे गेलेलं असतं. शेजारच्या काकू भाजी निवडता निवडता म्हणतात, "मिराज होतं."

माझ्याकडे लष्कर भागातली आणि पिंटो पार्ककडची मुलं अग्निवीरवायूच्या, म्हणजे हवाई दलातल्या भरतीच्या, परीक्षेची तयारी करायला येतात. त्यांचे आईवडील येतात, कधी महाराष्ट्रातून बदली होऊन आलेली कुटुंबंही येतात. प्रश्न ठरलेले असतात. विंग मोठी की स्क्वाड्रन? स्टेशन आणि बेस एकच का? महाराजपुऱ्याला हवाई दलाचं फाटक आहे, त्याच्या आत नेमकं काय? पेपरात बातमी येते तेव्हा हे सगळे शब्द एका ओळीत येतात आणि वाचणारा पुढे सरकतो. ते शब्द नीट कळावेत असं मला मनापासून वाटतं, कारण या गावाचं त्यांच्याशी रोजचं नातं आहे. म्हणून पायरी पायरीनं सांगते.

पायरी पहिली: वाडा आणि बिऱ्हाड वेगळं धरा

ही एक पायरी पक्की झाली की बाकीचं अर्धं काम होतं, म्हणून इथं घाई करू नका.

बेस म्हणजे वाडा. धावपट्टी, हँगर, इंधनाच्या टाक्या, दारूगोळ्याची कोठारं, कंट्रोल टॉवर, क्वार्टर्स, मेस, हे सगळं जागेवर राहतं. हवाई दल त्याला एअर फोर्स स्टेशन म्हणतं. स्क्वाड्रन म्हणजे त्या वाड्यात राहणारं बिऱ्हाड: विमानं, वैमानिक, विमानं दुरुस्त ठेवणारे इंजिनियर आणि एअरमन, त्यांची हत्यारं, त्यांचा झेंडा आणि त्यांचा नंबर. हुकूम आला की बिऱ्हाड उठतं आणि दुसऱ्या वाड्यात जातं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो ना, तसंच.

ग्वाल्हेरकरांना हे समजावताना मी आपल्या गावाचंच उदाहरण देते. दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये उज्जैनहून राजधानी इथं आणली. किल्ल्याच्या पायथ्याशी फौजेचा तळ पडला, तळाभोवती बाजार बसले, सरदारांचे वाडे उठले, आणि त्या गावाचं नावच लष्कर पडलं. शिंदे की छावनी हा मोहल्ला आजही आहे. फौज गेली, नाव जागेला चिकटून राहिलं. हवाई दलात नेमकं उलट होतं. नाव आणि नंबर जागेला चिकटत नाहीत, तुकडीला चिकटतात, आणि तुकडी कुठेही गेली तरी तिच्याबरोबर जातात.

कारगिलच्या वेळचं बघा. २६ मे १९९९ ला 'ऑपरेशन सफेद सागर' सुरू झालं. मिराज २००० ही विमानं ग्वाल्हेरची, पण ती लढली पंजाबातल्या आदमपूरहून. तिथं ७ नंबरच्या स्क्वाड्रननं मुक्काम टाकला. १७ जूनला मुंथो ढालोच्या शत्रूच्या पुरवठा तळावर हल्ला झाला आणि २४ जूनला टायगर हिलवर लेझरनं दिशा दिलेला बॉम्ब पडला. तेव्हा हवाई दलप्रमुख होते एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस, आपले मराठी. आता प्रश्न असा: टायगर हिलवर मारा करणारी विमानं कुठली? ग्वाल्हेरची म्हणालात तरी बरोबर, आदमपूरहून उडाली म्हणालात तरी बरोबर. वाडा आदमपूरचा, बिऱ्हाड ग्वाल्हेरचं. असा थोड्या दिवसांचा मुक्काम असतो त्याला आतली माणसं डिटॅचमेंट म्हणतात. घरच्यांना सांगताना, "पुढच्या महिन्यात डेटवर जायचंय," एवढंच म्हणतात.

पायरी दुसरी: खालून वर चढा

बहुतेक पुस्तकं दिल्लीपासून सुरू करतात आणि खाली उतरतात. मुलांना त्यानं काही समजत नाही. तुम्ही खालून चढा.

सगळ्यात खाली फ्लाइट. स्क्वाड्रनचा तो एक भाग. त्याच्या वर स्क्वाड्रन, आणि लढाऊ हवाई दलाचं खरं मोजमाप याच पातळीवर होतं. एका लढाऊ स्क्वाड्रनमध्ये साधारण १६ ते १८ विमानं असतात, शिवाय शिकवण्यासाठी दोन आसनांची एक-दोन. देशाला मंजूर लढाऊ स्क्वाड्रन ४२ आहेत. २६ सप्टेंबर २०२५ ला चंडीगडमध्ये मिग-२१ ला निरोप दिला गेला, तेव्हा प्रत्यक्षातला आकडा २९ वर आला. पेपरात "हवाई दलाची ताकद घटली" असं छापून येतं ते या दोन आकड्यांमधल्या फरकाबद्दल असतं. विमानं किती यापेक्षा स्क्वाड्रन किती हे विचारलं जातं, कारण स्क्वाड्रनमध्ये विमानाबरोबर शिकलेली माणसं, सुटे भाग आणि एकमेकांची सवय झालेली टीम धरलेली असते. ती उभी करायला वर्षं लागतात.

स्क्वाड्रनच्या वर विंग. एका बेसवरच्या एक किंवा अनेक स्क्वाड्रन आणि त्यांना लागणारी सगळी यंत्रणा मिळून विंग होते. ग्वाल्हेरला ४० विंग आहे. तिच्यात मिराजच्या स्क्वाड्रन राहत आल्या: १ नंबरची 'टायगर्स', ७ नंबरची 'बॅटल ॲक्सेस' आणि ९ नंबरची 'वुल्फपॅक'. वाघ, परशू आणि लांडगे, असं मुलांना सांगितलं की ती कधी विसरत नाहीत. १९८५ मध्ये पहिली मिराज विमानं फ्रान्सहून इथं आली आणि हवाई दलानं त्यांचं नाव ठेवलं वज्र.

विंगच्या वर कमांड. अशा सात आहेत. पाच लढणाऱ्या: पश्चिम (मुख्यालय दिल्ली), दक्षिण-पश्चिम (गांधीनगर), मध्य (प्रयागराज), पूर्व (शिलाँग), दक्षिण (तिरुवनंतपुरम). उरलेल्या दोन कामानुसार: प्रशिक्षण कमांड बंगळुरूला आणि देखभाल कमांड आपल्या नागपूरला. ग्वाल्हेर मध्य कमांडमध्ये येतं, म्हणजे इथल्या विंगचा वरचा साहेब प्रयागराजला बसतो. पुण्याचं लोहगाव आणि आपल्यासारखंच मराठी माणसांचं गाव असलेलं वडोदरा दक्षिण-पश्चिमेत. यातही लोक फसतात, पुण्याचे वरिष्ठ नागपूरला असतील असं धरून चालतात. नागपूरला आहे ती देखभाल कमांड, लढाऊ विमानं ती चालवत नाही.

सर्वांत वर दिल्लीचं हवाई मुख्यालय, वायु भवन. तिथं हवाई दलप्रमुख.

फ्लाइट, स्क्वाड्रन, विंग, कमांड, मुख्यालय. उतरंडीत पाच मडकी. भिंतीवर लिहून ठेवा.

पायरी तिसरी: फाटकाच्या आत काय असतं

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं आत नुसती विमानं आणि वैमानिक. खरं तर वैमानिक मूठभर. स्टेशन म्हणजे आख्खं गाव.

मोठ्या बेसच्या प्रमुखाला एओसी म्हणतात, म्हणजे एअर ऑफिसर कमांडिंग, आणि तो बहुधा एअर कमोडोर असतो. लहान ठिकाणी ग्रुप कॅप्टन स्टेशन कमांडर असतो. त्याच्या हाताखाली कामाचे तीन मोठे भाग: उड्डाणं बघणारा चीफ ऑपरेशन्स ऑफिसर, यंत्रं बघणारा चीफ इंजिनियरिंग ऑफिसर, आणि क्वार्टर, पगार, शिस्त, मेस बघणारा चीफ ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर. शिवाय कंट्रोल टॉवर, हवामानाची सेक्शन, गाड्यांची एमटी, दवाखाना, अग्निशमन, हवाई दलाचे पोलीस. फाटकावर पहारा देणारे बऱ्याचदा डीएससीचे, म्हणजे फौजेतून निवृत्त होऊन पुन्हा रुजू झालेले जवान असतात. इमारती आणि पाण्याच्या लाइनी एमईएस सांभाळते, ती तर हवाई दलाची नव्हेच, तिन्ही दलांची सामाईक.

धावपट्टीच्या टोकाला ओआरपी नावाची जागा असते. तिथं विमान हत्यारांसह तयार उभं असतं आणि वैमानिक जवळच्याच खोलीत पूर्ण पोशाखात बसलेला असतो. भोंगा वाजला की काही मिनिटांत विमान हवेत. मुलं "हवाई दलात मजा असते" म्हणाली की मी त्यांना या खोलीची कल्पना करायला सांगते: तासन्‌तास काहीच घडत नाही, आणि तरी बुटाची नाडीही सैल सोडायची नाही.

वाड्यात भाडेकरू असतात तसे बेसवरही असतात. हवाई दलाचा शब्दच आहे लॉजर युनिट. ते युनिट जागा, रेशन, गाड्या स्टेशनकडून घेतं, पण हुकूम आपल्या स्वतःच्या वरिष्ठांचा मानतं. म्हणून एकाच फाटकातून आत जाणाऱ्या दोन एअरमनची सुट्टी दोन वेगळे साहेब मंजूर करतात. नवी नवरी क्वार्टरमध्ये आली की तिला हे लवकर कळतं!

नागरी विमानतळाबद्दलही इथंच सांगते. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे विमानतळावर उतरलात तर ज्या धावपट्टीवर उतरता ती हवाई दलाची. प्रवाशांची इमारत तेवढी नागरी. अशा जागेला सिव्हिल एन्क्लेव्ह म्हणतात. लोहगावलाही हाच प्रकार. म्हणून उतरताना "फोटो काढू नका" अशी सूचना होते.

पायरी चौथी: विमान नसलेल्या तुकड्या विसरू नका

स्क्वाड्रन म्हटलं की विमान, हे समीकरण मनातून काढा. १० जुलै २०१५ ला ग्वाल्हेरलाच आकाश क्षेपणास्त्र हवाई दलात दाखल करून घेण्यात आलं. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर त्यासाठी इथं आले होते. आकाशच्याही स्क्वाड्रन असतात. त्यांच्याकडे विमानं नसतात, लाँचर आणि रडार असतात, आणि त्यांचं काम शत्रूचं विमान बेसपर्यंत पोचू न देणं.

मालवाहू विमानांच्या स्क्वाड्रन वेगळ्या. वडोदऱ्याच्या ११ नंबरच्या स्क्वाड्रनकडे जुनी ॲव्हरो विमानं होती, तिला २०२३ मध्ये नवं सी-२९५ मिळालं. हेलिकॉप्टरांच्या बहुतेक तुकड्यांना हेलिकॉप्टर युनिट म्हणतात. गरुड हे हवाई दलाचे कमांडो, २००४ मध्ये उभे राहिले.

दुरुस्तीची घरं म्हणजे बीआरडी, बेस रिपेअर डेपो. रोजची तपासणी स्क्वाड्रनमध्येच होते, त्याहून मोठं काम बेसवर, आणि विमान पार उघडून पुन्हा बांधायचं असेल तर ते डेपोत जातं. नाशिकजवळ ओझरला ११ बीआरडी आहे, पुण्यात ९ बीआरडी. हे सगळे डेपो नागपूरच्या देखभाल कमांडखाली. आणि भरती झालेली मुलं जिथं पहिल्यांदा कवायत शिकतात ते बेळगावजवळचं सांबरा, ते प्रशिक्षण कमांडखाली.

एक संस्था मात्र ग्वाल्हेरची खास शान आहे: टॅकडी. हवाई लढाईचे डावपेच तयार करायची आणि निवडक वैमानिकांना ते शिकवायची ही शाळा. १९७१ मध्ये आदमपूरला सुरू झाली, जामनगरला गेली, आणि २००० मध्ये ग्वाल्हेरला आली. इथून शिकून गेलेला वैमानिक आपल्या स्क्वाड्रनमध्ये परत जाऊन इतरांना शिकवतो. एका बेसवरची विद्या अशी देशभर पोचते. गावानं अभिमान बाळगायचाच असेल तर आवाजापेक्षा या शाळेचा बाळगावा, असं मला वाटतं.

पायरी पाचवी: नंबर वाचायला शिका

काही वर्षांपूर्वी माझा भाचा इथं पोस्टिंगवर होता. दिवाळीला माझ्या वहिनीनं साताऱ्याहून त्याला फराळ पाठवला. डब्यावर पत्ता घातला, "७ विंग, एअर फोर्स, ग्वाल्हेर." डबा चार दिवस पडून राहिला, कारण या नावाचं इथं कुणी नव्हतं. शेवटी नावावरून शोध लागला आणि भाचा करंज्या घेऊन माझ्याकडे आला. नरम पडल्या होत्या, पण आम्ही खाल्ल्या. म्हणाला, "आत्या, आईला सांग, सात विंग अंबाल्यात आहे. आम्ही सात स्क्वाड्रन."

चूक वहिनीची नव्हती, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. नियम असा: प्रत्येक प्रकारच्या तुकडीची स्वतःची वेगळी यादी असते. ७ विंग अंबाल्याला, ७ स्क्वाड्रन ग्वाल्हेरला. ९ बीआरडी पुण्यात, ९ स्क्वाड्रन इथं. २ विंग म्हणजे पुणे. नंबर सारखा असला म्हणून नातं असतंच असं नाही. नुसता नंबर कधी लिहू नका, बोलूही नका. नंबरापुढे तुकडीचा प्रकार हवाच.

दुसरा नियम याहून सुंदर आहे. नंबर मरत नाही. विमानं जुनी होऊन गेली आणि त्या जागी नवी आली नाहीत, तर स्क्वाड्रन नंबरप्लेट होते. म्हणजे माणसं दुसरीकडे वाटली जातात, पण नंबर, चिन्ह आणि मानसन्मान जपून ठेवले जातात. पुढे नवी विमानं आली की तोच नंबर पुन्हा उठतो. १७ नंबरची 'गोल्डन ॲरोज' मिग-२१ उडवायची, ती थांबली आणि २०१९ मध्ये अंबाल्याला राफेलसाठी पुन्हा उभी राहिली.

आपल्या १ नंबरचीच गोष्ट बघा. हवाई दल स्थापन झालं ८ ऑक्टोबर १९३२ ला, आणि १ एप्रिल १९३३ ला कराचीजवळ ड्रिग रोडला ही पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, वापिटी नावाच्या दोन पंखी विमानांवर. सुब्रोतो मुखर्जी, जे पुढे पहिले भारतीय हवाई दलप्रमुख झाले, ते तिच्या पहिल्या वैमानिकांपैकी. फाळणीत तिची साधनसामग्री पाकिस्तानकडे गेली आणि नंबर थांबला. १९५३ मध्ये १५ नंबरच्या स्क्वाड्रनला १ हा नंबर दिला गेला आणि वंश पुढे चालू झाला. ७ सप्टेंबर १९६५ ला पाकिस्तानातल्या सरगोध्यावरच्या हल्ल्यात मिस्टेअर विमानातून गेलेले आणि परत न आलेले स्क्वाड्रन लीडर देवय्या याच स्क्वाड्रनचे. त्यांना १९८८ मध्ये मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. वापिटी गेली, मिस्टेअर गेलं, मिग गेलं. वाघाचं चिन्ह मिराजच्या शेपटीवर आलं.

पायरी सहावी: हुद्द्यांच्या नावांनी फसू नका

स्क्वाड्रन लीडर स्क्वाड्रन चालवत नाही, आणि विंग कमांडर विंग चालवत नाही. परीक्षेत मुलं हमखास इथं घसरतात. ही नावं ब्रिटिश काळापासूनची. तेव्हा तुकड्या लहान होत्या आणि नावाप्रमाणे काम असायचं. आज स्क्वाड्रनचा प्रमुख, म्हणजे सीओ, विंग कमांडर किंवा ग्रुप कॅप्टन असतो आणि विंगवर एअर कमोडोर. फौजेशी जोडून बघा: स्क्वाड्रन लीडर म्हणजे मेजर, विंग कमांडर म्हणजे लेफ्टनंट कर्नल, ग्रुप कॅप्टन म्हणजे कर्नल, एअर कमोडोर म्हणजे ब्रिगेडियर. कमांडचा प्रमुख एअर मार्शल, आणि दलप्रमुख एअर चीफ मार्शल, एकच. फ्लाइट कमांडर हा मात्र हुद्दा नाही, स्क्वाड्रनमधलं पद आहे.

पायरी सातवी: एक बातमी घेऊन बसा

पेपरात अशी ओळ आली समजा: "मध्य कमांडच्या एका विंगमधल्या स्क्वाड्रननं पश्चिम कमांडच्या बेसवर जाऊन सराव केला." आधी विचारा, बिऱ्हाड कुठलं? मध्य कमांडचं. वाडा कुठला? पश्चिमेचा. मग तिसरा प्रश्न, त्या दिवसांत हुकूम कुणाचा? उड्डाणाचा हुकूम ज्याच्या हद्दीत लढाई किंवा सराव चाललाय त्याचा. कारगिलमध्ये ग्वाल्हेरची विमानं पश्चिम कमांडच्या मोहिमेत लढली ती अशीच. पगार, बढती, बदली यांचे कागद मात्र मूळ घरीच राहतात. हे तीन प्रश्न रोज एका बातमीला विचारा. पंधरा दिवसांत तुम्ही घरातल्या मोठ्यांना समजावून सांगायला लागाल.

ही सगळी माहिती उघड आहे, जाहीर झालेली आहे, म्हणून मी ती लिहिली. पण गच्चीवरून उतरणाऱ्या विमानांचे व्हिडिओ काढून, वेळ आणि जागा लिहून, ते मोबाइलवरून सगळीकडे पाठवायचे नाहीत. कोणत्या रात्री किती विमानं उठली, कोणत्या दिशेला गेली, आज शेजारचा एअरमन अचानक डेटवर कुठं गेला, हे शिकण्याच्या यादीत नाही. बेसच्या आसपास ड्रोन तर हातातही घेऊ नका. भिंड रोडला किंवा डीडी नगरच्या बाजूला प्लॉट घेणार असाल तर इमारतीच्या उंचीचा दाखला आधी बघा, मगच इसार द्या. आणि कचरा उघड्यावर टाकू नका. कचऱ्यावर घारी येतात, आणि एक घार इंजिनात गेली तर पोशाख चढवून ओआरपीत बसणाऱ्या त्या मुलाच्या जिवावर बेतू शकतं.